बिस्किटांच्या डब्यातला संसार

त्या मंगळवारी नळाला पाणी उशिरा आलं, पोहे कोरडे झाले, आणि अण्णा शेवेचा पुडा शोधत असताना फोन वाजला.

"अण्णाजी, सोमवार को किताब छपने जा रही है," पलीकडून डामोर मास्तर ओरडले. "बस, आपकी एक परची बाकी है!"

अण्णांनी कपाटावर, माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

मी बिस्किटांचा डबा बोलतोय. आधीच सांगतो, माझ्यात बिस्किटं नाहीत. पाहुणे आशेने बघतात, म्हणून सांगावं लागतं.

मला शुद्ध आली ती उज्जैनच्या देवास गेटजवळच्या एका दुकानात. झाकणावर बग्गीत बसलेली गोरी बाई होती. अण्णांच्या पत्नी अहल्याबाईंनी मला फ्रीगंजच्या घरी आणलं. बिस्किटं चार दिवसांत संपली. पुढे माझ्यात साबुदाणा राहिला, मग बटणं, आणि अखेरीस शब्द.

त्याचं असं झालं. अण्णा बँकेत होते. सतरा वर्षं झाबुआकडच्या शाखांत काढली, तेव्हा खातेदारांशी बोलता बोलता त्यांची भिली बोली शिकले. निवृत्त झाल्यावर एक दिवस डामोर मास्तर दारात उभे. मास्तर भिल्ल, ख्रिस्ती, तेही शाळेतून निवृत्त. येशूची गोष्ट हिंदीवरून आपल्या भिलीत आणायच्या खटपटीत होते.

"मैं भीली में पढ़ूँगा. आप बताना, क्या समझ में आया."

"पर मास्टरजी, मुझे आपके धरम का कुछ भी नहीं मालूम."

"इसीलिए तो आया हूँ. जिनको मालूम है, वो गलत को भी सही समझ लेते हैं."

आपल्या अज्ञानाची एवढी किंमत आहे हे कळून अण्णा फार सुखावले.

दुपारी वाचन चाले. अण्णा समजेल ते मराठीत टिपून घेत. शब्द अडला की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर त्याची परची लिहून माझ्यात टाकत. माझं झाकण घट्ट. ते चमच्याच्या दांड्याने उघडावं लागे, आणि उघडताना मी असा ठणकन वाजे की शेजारचे विलासराव चहाची वेळ झाली असं समजून येत.

अण्णांच्या चार पिढ्या उज्जैनात गेल्या. त्यांच्या मराठीत हिंदी कधी येऊन बसते, ते त्यांनाही कळत नाही. एकदा अहल्याबाई चहा घेऊन आल्या आणि वहीत डोकावल्या. लिहिलं होतं: 'मग तो डोंगरावर बसला आणि त्याने सगळ्यांना शिक्षा दिली.'

"अहो, एवढे लोक चालत डोंगर चढून आले, आणि त्यांना शिक्षा?"

"भाभीजी, शिक्षा यानी पढ़ाना," मास्तर म्हणाले.

"आमच्या शाळेत दोन्ही एकच होतं."

तिघं इतके हसले की माझं झाकण आपोआप थरथरलं. तेव्हापासून अहल्याबाई वाचनाला रोज बसू लागल्या.

मग ती ओळ आली. देवाचं जगावर किती प्रेम आहे, अशा अर्थाची. मास्तरांनी भिलीत 'दुनिया' घातलं होतं.

"हिंदीत काय आहे?" अहल्याबाईंनी विचारलं.

"संसार."

"मग दुनिया कशी? दुनिया बाहेर असते. देवाचं संसारावर प्रेम आहे म्हणता, तर माझी तुंबलेली मोरी, यांचं घोरणं, सगळं त्यात यायला हवं."

"अगं, हिंदीत संसार म्हणजे जग!"

"असेल. मला माझंच बरं वाटतं."

मास्तरांनी चष्मा काढला. "भाभीजी की बात में दम है. बताइए, संसार में क्या-क्या आता है? मैं वैसा ही शब्द ढूँढूँगा."

"आत्ता कुकर लावायचाय. उद्या सांगते. यादी मोठी आहे."

अण्णांनी परची लिहिली: 'संसार – हिला विचारून.' आणि ती माझ्यात टाकली.

त्या रात्री अहल्याबाईंना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

मी कपाटावर गेलो. सुनेने, ईराने, दिवाळीत विचारलं, "बाबा, हा डबा रिकामा करू? चकल्या ठेवते." अण्णा म्हणाले, "राहू दे." चकल्या पिशवीतच मऊ पडल्या.

तर त्या मंगळवारी दुपारी मास्तर आले. चमचा सापडेना, म्हणून अण्णांनी मला किल्लीने उघडलं. मी ठणकन वाजलो. विलासराव लगेच आले, दोघांची तोंडं पाहून तसेच परत गेले.

मास्तरांनी परची वाचली. मराठी त्यांना ऐकून ऐकून थोडीफारच कळायची, पण 'हिला' त्यांना समजलं.

"अण्णाजी, आप ही बता दो. चालीस साल आपने भी तो किया है संसार."

"मैंने कहाँ किया, मास्टरजी. उसने किया. मैं तो बैंक में था."

मास्तरांनी परची घडी करून परत माझ्यात ठेवली.

"तो 'दुनिया' रहने दूँ?"

"रहने दो."

बाकीच्या परच्या मास्तरांनी नेल्या. सोमवारी पुस्तक छपाईला गेलं. माझ्यात आता एकच परची आहे. हलवलं तर मी वाजतही नाही. ईराला माझी एक विनंती आहे: यंदा चकल्या माझ्यात ठेव, पण परची तळाशी असू दे.

संसारात काय काय येतं, हे अण्णांचं अहल्याबाईंना विचारायचं राहून गेलं.