मांडवामागचा शॉट

पनवेलला उरण नाक्यावर बाळू पाटलाचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. "बाकीचे लग्न काढतात, मी पिक्चर काढतो," असं तो स्वतःच सांगत सुटायचा. गर्व भारी, पण खोटं कशाला बोला, हात तसा होताच त्याचा.

त्या सकाळी जासईचे दीनानाथ आले ते तणतणतच. हातात मुलीच्या, मालूच्या लग्नाची कॅसेट.

"बाळ्या, पाठवणीला झोपला होतास काय? दोन मिनिटं नुसती माझी पाठ! काप ते. नायतर त्या चित्रावर कमळ फिरव, गाणं टाक."

बाळूने कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली. बाकी लग्नात त्याने काही कमी केलं नव्हतं. बदामात नवरानवरी, उमलती कमळं, गाण्यावर गाणी. पाठवणीला मात्र यातलं काहीच नाही. पुढे गाडीचं उघडं दार आणि एक पाय आत टाकून मालू मान वळवून कुणाला तरी शोधतेय. मागे, मांडवाच्या दोन बांबूंमधून दीनानाथांची पाठ. ते खुर्च्या मिटताहेत.

"गाव काय म्हणल? पोरगी निघाली आन बाप खुर्च्या आवरत बसला."

खरं दुखणं गावाचं नव्हतं, ते बाळूला ठाऊक होतं. लग्नात हा माणूस आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांवर खेकसत होता आणि नेमका पाठवणीला गायब. मालूच्या मनाला ते लागलं. पाचव्या दिवशी रीतीप्रमाणे माहेरी पाचपरतावनाला आली, आईशी बोलली आणि बापाकडे न बघता गेली. त्याला महिना झाला. आता तिने ही पाठ बघितली की कायमचीच तुटणार, या धास्तीने दीनानाथांची झोप उडाली होती.

"काका, खुर्ची बघा," बाळू म्हणाला. "मिटली. आता उघडली. परत मिटली. दोन मिनिटं एकच खुर्ची हाय ती."

दीनानाथ पडद्याजवळ वाकले.

"कॅमेरा खांद्यावरून उतरवून गुडघ्यावर घेतला, म्हणून तुमचे हात दिसतात. वरून नुसती टोपी दिसली असती. गाणं टाकलं नाय, कारण मग खुर्चीची खटखट गेली असती. आणि ती तुमाला शोधतेय, तुमी तोंड फिरवलंय, ते एकाच फ्रेममधी हाय. दोघांना वेगळं घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, बाळ्याने मागून जोडलं. आता कुणी म्हणून दाखवावं."

"कापतोस का नाय?"

"नाय. आधी मालूला दाखवा. ती काप म्हणाली तर कापतो."

"जासईतलं एक लग्न मिळणार नाय तुला."

"नको मिळू दे," बाळू म्हणाला खरा, पण जासई म्हणजे त्याचं निम्मं काम. दीनानाथ कॅसेट काखोटीला मारून चालते झाले.

पंधरा दिवस काही कळलं नाही. शेवटी न राहवून बाळू स्वतःच जासईला गेला. दीनानाथांच्या ओटीवर चपलांचा ढीग पडला होता. आत टीव्हीसमोर अर्धी आळी, आणि रिमोट हातात धरून दीनानाथ उभे. चित्र त्याच जागी थांबवलेलं.

"कॅमेरा खाली का घेतला, सांगा बरं. हात दिसाया पायजेत म्हणून. गाणं का नाय? विचार करा जरा. आन हे जोडलेलं नाय बरं का, एकाच फ्रेममधी हाय."

च्यायला, शब्द न शब्द माझा, बाळूच्या मनात आलं. दारातच त्याची छाती फुगली.

"ते समदं खरं," कोपऱ्यातली गंगाबाई म्हणाली, "पन दीना, तुझं तोंड कुठं दिसतंय यात?"

दीनानाथांच्या पायाशी मालू बसली होती, चार दिवसांची पिशवी घेऊन राहायला आलेली. तिने टीव्हीवरची नजर काढली नाही.

"मला दिसतंय," ती म्हणाली.