आधी खटका खाली

मेहुण्याचा टेम्पो अंगणात शिरला तेव्हा बॅटरीमास्तर छपरावर सोलर पॅनल पुसत होते. पाहुणा आला की शिडी उतरून खाली यावं एवढं वळण त्यांना होतं. पण हा पाहुणा नव्हता, हा मेहुणा होता, आणि तोही त्यांना न विचारता बोलावलेला. टेम्पोत लोखंडी खांब, तारांची वेटोळी आणि एका खोक्यात तीन लांब पाती होती.

"दाजी, उतरा खाली! तुमच्या घराला वारा लावायला आलोय!"

"माझ्या घराला वाऱ्याची गरज नाही," मास्तर वरूनच म्हणाले, "आणि तुझी तर मुळीच नाही."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण या दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. मास्तरांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी खोलीत गेली. मेहुणा बस डेपोत फिटर. मास्तरांच्या मते फिटर म्हणजे हातोडीने विचार करणारा माणूस. फिटरच्या मते मास्तर म्हणजे उंटावरचा शहाणा. दोघांनी ही मतं एकमेकांपासून कधी लपवली नाहीत.

निवृत्तीनंतर मास्तरांनी या उघड्या टेकाडावर घर बांधलं. विजेचा शेवटचा खांब चार किलोमीटर अलीकडेच थांबलेला. "थांबू दे, आपल्याला त्याची मिंधेगिरी नको," असं म्हणून त्यांनी एकट्याने छपरावर बारा पॅनलं चढवली, खाली बॅटऱ्यांची खोली केली आणि त्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने चार नियम लिहिले. पहिला नियम सगळ्यांत मोठ्या अक्षरात: काही बिघडलं की आधी खटका खाली. हा नियम त्यांनी बायकोकडून एवढ्या वेळा म्हणवून घेतला होता की ती झोपेतही बोलली असती. बारा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग बायकोच्या फुप्फुसांनी दगा दिला. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकाला नळी आली. मशीन आठही प्रहर चालायला हवं. ऊन असेल तर काही प्रश्न नव्हता. पण मागच्या वर्षी सलग नऊ दिवस ढग बसले. फ्रिज बंद, दिवे बंद, पंप बंद, तरी आठव्या दिवशी बॅटऱ्यांनी मान टाकली. जपून ठेवलेलं सिलिंडर संपायला आलं तेव्हा कुठे ऊन पडलं. लेक धावत आली. तिने आईचा चेहरा पाहिला आणि दारातच सांगितलं, "बाबा, पुन्हा असं झालं ना, तर आई माझ्याकडे. कायमची. ज्याला या घरात धोका आहे तो माणूस या घरात राहणार नाही."

लेकीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. बायकोला तिथे दोन दिवसांत कोंडल्यासारखं व्हायचं. आपल्याच अंगणात, आपल्याच खाटेवर मरायचं, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. म्हणून तिने नवऱ्याला न विचारता भावाला फोन केला होता.

"ढग असतात तेव्हा या टेकाडावर वारा पिसाळलेला असतो," ती मास्तरांना म्हणाली. "तुमचा सूर्य रजेवर गेला की माझा भाऊ कामाला येईल."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ती मोठमोठे श्वास घेत बोलत होती. तिच्याशी भांडायची सोय राहिली नव्हती. म्हणून ते तिच्या भावाशी भांडले.

काम चालू होतं तोवर भांडले. काँक्रीटचा पाया ओला असताना भांडले, तो वाळल्यावर भांडले. खांब आडवा ठेवून त्यावर पवनचक्की बसवली, मग चार बाजूंनी ताणाच्या तारा लावून कप्पीने उभा केला, तेव्हा मास्तर हाताची घडी घालून म्हणाले, "भिंगरी छान आहे. जत्रेत विकायला बरी."

"बोला, बोला. ढग आले की ही भिंगरीच पाजेल तुमच्या बॅटऱ्यांना."

शेवटच्या दिवशी फिटर तारा घेऊन बॅटऱ्यांच्या खोलीत आला. त्याने भिंतीवर एक कंट्रोलर लावला, खाली एक साधा खटका आणि शेजारी एक लाल.

"दाजी, आता चेष्टा बाजूला ठेवा आणि ऐका. तुमच्या पॅनलची तार सोडली की पॅनल गप बसतं. हिचं उलटं आहे. बॅटरी हिला धरून ठेवते. वारा असताना हा खटका खाली केलात, तर हिला धरायला कोणी उरत नाही. उतारावर ब्रेक तुटलेल्या बससारखी सुटेल. थांबवायची असेल तर आधी लाल खटका. तो तिन्ही तारा एकमेकींना जोडतो, चक्की जाग्यावर जखडते. मग बाकीचं."

"कळलं."

"आणि हा कंट्रोलर टीं टीं ओरडला तर घाबरायचं नाही. बॅटऱ्या भरल्या की जास्तीची वीज बाथरूममधल्या हीटरला जाते, एवढंच त्याचं म्हणणं. ताईला सांगा."

"मला शिकवू नकोस! तू नटबोल्ट मोजत होतास तेव्हा मी अख्ख्या शहराचे फोन चालवत होतो."

फिटरने मान हलवली. खिशातून मार्कर काढून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वारा असताना हा खटका खाली करायचा नाही. आधी लाल. आणि खाली, जाता जाता खोडी म्हणून: दाजींचा पहिला नियम चक्कीला लागू नाही. कागद त्याने चिकटपट्टीने बरोबर पहिल्या नियमाच्या अंगावर डकवला.

टेम्पो उताराला लागला तसे मास्तर खोलीत आले. तो कागद, ती वेडीवाकडी अक्षरं, आणि त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर त्यांचाच नियम झाकलेला! त्यांनी नखाने चारही कोपरे उचकटले. चिकटपट्टीचा डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला. कागद फाडला मात्र नाही. घडी करून बॅटरीच्या नोंदवहीत ठेवला, लेक आली की तिला दाखवायला: बघ, तुझा मामा माझ्याच घरात काय लिहितो. बायकोला लाल खटक्याचं आणि त्या टीं टींचं सांगायचं होतं. सांगू, एवढी काय घाई आहे, असं म्हणून ते राहिलं. कुठल्या तोंडाने सांगणार होते? फिटर काय म्हणाला तेच घोकायचं ना!

पुढच्या महिन्यात ढग आले. सहा दिवस सूर्याने तोंड दाखवलं नाही. चक्की मात्र भणाणत राहिली, मशीन घुरघुरत राहिलं, बाथरूममध्ये आयतं गरम पाणी येत राहिलं. कंट्रोलर ओरडला की मास्तर स्वतःच जाऊन बटण दाबून त्याला गप्प करत, बायकोला काही सांगत नसत.

"अहो, आज आंघोळीला चांगलं कढत आहे," बायको म्हणायची. "माझ्या भावाचं पाणी."

मास्तर सहाही दिवस गार पाण्याने आंघोळ करून शिंकत राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

मग तो दिवस उजाडला. सकाळी लख्ख ऊन होतं आणि बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या. मास्तर बॅटरीचं पाणी आणायला स्कूटरवर बाजारात गेले. अकराच्या सुमारास वारा सुटला. परतीच्या वाटेवर वारा स्कूटरला एकसारखा बाजूला ढकलू लागला तेव्हा त्यांनी वर टेकाडाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चक्की दिसतच नव्हती. पात्यांच्या जागी एक पांढरी थाळी होती आणि तिच्यातून किंचाळी येत होती, दोन वळणं खालीही ऐकू येईल अशी. मग थाळी फुटली. एक पातं हवेत गेलं, छपरावर काचांचा खळखळाट झाला आणि सगळा खांब लटलट हलायला लागला.

बायको बॅटऱ्यांच्या खोलीत जमिनीवर बसली होती. नाकातली नळी दाराशी अडकून निसटलेली, ओठ निळे. मास्तरांनी नळी लावली, तिला भिंतीला टेकवलं. श्वास जरा लागल्यावर ती म्हणाली,

"ते टीं टीं ओरडायला लागलं. मी खटका खाली केला. तुम्ही सांगितलंय तसं. तर ती जास्तच..."

मास्तरांनी वर पाहिलं. चक्कीचा खटका खाली होता. वरती त्यांच्या सुवाच्य अक्षरांत पहिला नियम चकाकत होता. त्यांनी शेजारचा लाल खटका ओढला, तेव्हा कुठे वरची लटलट थांबली.

दुसऱ्या दिवशी फिटर आला, लेक आली. तोवर वारा पडला होता. फिटरने मोडकी चक्की खाली उतरवली, छपरावरची दोन फुटकी पॅनलं पाहिली आणि लाल डोळ्यांनी बॅटऱ्यांच्या खोलीत शिरला.

"खटका कोणी खाली केला?"

"मी," बायको म्हणाली.

"ताई, अगं एवढं मोठं लिहून ठेवलं होतं ना मी! वाचता येतं ना तुला? दोन हात अलीकडे पडलं असतं ते पातं, तर आज तुला उचलायला आलो असतो!"

"कुठे लिहिलं होतंस?"

"हे काय, इथे..." फिटरचा हात भिंतीवर थांबला. भिंत स्वच्छ होती. "इथेच लावला होता. पडला की काय?"

सगळ्यांनी जमिनीवर पाहिलं, बॅटऱ्यांच्या मागे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. हो, खरंच, वाकून पाहिलं! काय पण माणूस.

"असेल रे," बायको हळूच म्हणाली. "माझंच लक्ष नसेल. हल्ली डोकं जाग्यावर नसतं माझं."

लेकीने डोळे पुसले. "बाबा, झालं ते पुरे झालं. आईच्या हातून आता असं काहीही होऊ शकतं. आजच घेऊन जाते." आणि ती आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडू लागली.

मास्तरांनी नोंदवही उचलून बगलेत धरली. तोंड उघडलं तर मेहुण्यासमोर तेहतीस वर्षांची अब्रू जाणार. गप्प राहिलं तर बायको जाणार. जाईल चार महिने, मग आणू परत, असंही त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. तेवढ्यात बायको नळी सावरत त्यांच्यापाशी आली आणि त्यांच्या बाहीला हात लावून म्हणाली, "अहो, रागावू नका हं. तुमची दोन पॅनलं फुटली माझ्यापायी. केवढ्या हौसेने बसवली होती तुम्ही."

मारलं असतं तिने तर बरं झालं असतं. त्यांनी नोंदवही उघडली, घडी बाहेर काढली आणि कोणाकडेच न बघता म्हणाले, "कागद पडला नाही. मी काढला. त्याच दिवशी."

फिटर एक पाऊल पुढे आला, मग मागे सरला. "दाजी, माझा तिरस्कार करायचा होता ना, खुशाल करायचा," तो म्हणाला. "मला ढकलायचं होतं खांबावरून. ती काय लागत होती हो तुमची? कोणीच नाही?"

लेक बॅग हातात घेऊन दारात उभी होती. "आणि मघाशी तुम्ही जमिनीवर शोधत होतात," ती म्हणाली. "आई स्वतःला वेडी समजत होती, आणि तुम्ही शोधत होतात!"

मास्तरांनी हातातला कागद बायकोपुढे धरला.

बायकोने कागद घेतला. चष्मा लावून सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ती ओरडली नाही, रडली नाही. भावाकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि कागद जिथून निघाला होता तिथेच, पहिल्या नियमावर, चारही कोपरे अंगठ्याने दाबून लावला.

"काय म्हणालीस गं मागच्या वर्षी?" तिने लेकीला विचारलं. "ज्याला धोका आहे त्याने या घरात राहायचं नाही, असंच ना?"

"हो."

"ते चुकलं तुझं. धोका ज्याच्यामुळे आहे त्याने राहायचं नाही. माझे कपडे काढ त्या बॅगेतून. यांचे भर."

"अगं, काय बोलतेस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "मी? त्या तिसऱ्या मजल्यावर?"

"का? मला चालणार होतं ना?"

लेकीने वडिलांकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन बॅग खाटेवर उपडी केली. आईची लुगडी बाहेर आली, बाबांचे शर्ट आत गेले. फिटर बाहेर जाऊन उरलेली दोन पाती मोजून-मापून बघू लागला. नवं पातं येईपर्यंत तो इथेच राहणार होता, तसं कोणी बोललं नाही तरी ठरलं होतं.

बॅग अंगणात आली तेव्हा मास्तर पुन्हा बॅटऱ्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकायचा धीर होईना.

"बॅटऱ्यांना पाणी कोण घालणार?" ते म्हणाले. "किती घालायचं, कधी घालायचं, तुला काहीच माहीत नाही. मी असताना कधी वेळ आली नाही तुझ्यावर."

बायकोने भावाच्या हत्यारांजवळ पडलेला मार्कर उचलला आणि एका कोऱ्या कागदासह त्यांच्या हातात दिला.

"लिहून ठेवा," ती म्हणाली. "तुमचा कागद इथे कोणी काढणार नाही."