कोकराचे पाय कुठल्या हातात

"ह्यो माझा ज्ञानू न्हवं," हरणाबाईंनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं. "पण फोटू तुमी काढलाय. मग खरं काय ते तुमीच सांगा."

मानसिंग बातम्यांचे फोटो काढायचा. सांगलीतल्या त्याच्या स्टुडिओत नाना तऱ्हेची माणसं येत. पण फोटोतला माणूस आपला नाही, हे सांगायला वडूजहून एसटीने आलेली बाई तो पहिल्यांदाच बघत होता.

"आवं वयनी, त्योच हाय!" सोबत आलेला दीर नानासो कातावला. "कोकराचं चारी पाय एका मुठीत, मधी बोट घातल्यालं. आपल्या मेंढरांमागं वाढल्याबिगर कोण असं धरतंय?"

"धरणं आपलंच हाय. पण हात उजवा हाय. ज्ञानू डावखुरा. भाकरी सोडली तर समदं डाव्या हातानं."

"लढाईत हात बघून कामं करत्यात व्हय?"

"तुमी गप बसा. एसटीत बी ह्येच, हितं बी ह्येच!"

मानसिंगने फोटो पुन्हा पाहिला. सरहद्दीवरच्या ओस पडलेल्या गावातून एक जवान मानेवर कोकरू घेऊन निघाला होता. कोकराच्या अंगाआड त्याचं तोंड झाकलं होतं. फोटो अठरा डिसेंबरचा, म्हणजे गोळीबार थांबल्याच्या दुसऱ्या दिवसाचा. आता जानेवारी संपत आला होता आणि हरणाबाईंच्या फौजेतल्या मुलाचं, ज्ञानूचं, शेवटचं पत्र होतं दिवाळीतलं. फोटोतला जवान ज्ञानू असेल, तर तो लढाईतून वाचला होता. नसेल, तर या माउलीच्या हाती काहीच नव्हतं.

"नाव इचारलं न्हाईसा?" हरणाबाईंनी विचारलं.

मानसिंगने नकारार्थी मान हलवली. कोयनेच्या भूकंपात त्याने एका बाईचा फोटो काढला होता. तिची बहीण तो फोटो घेऊन शोधत आली, तेव्हा त्याला नाव सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून ज्याचा फोटो काढायचा त्याचं नाव वहीत लिहायचंच, असा त्याने नेम केला होता. लढाईवरही तो पाळला. फक्त हा एक फोटो चालत्या ट्रकमधून काढलेला. ट्रक थांबलाच नाही.

त्याने कपाटातून निगेटिव्ह काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. हरणाबाई वाकून बघू लागल्या.

"कोकरू काळं कसं? फोटूत तर पांढरं हाय."

"यात पांढरं ते काळं दिसतं, मावशी, आणि काळं ते पांढरं. कागदावर उतरलं की सरळ होतं."

"आन ह्ये कडंला बारीक काय लिवलंय?"

"आकडे आहेत. कितवा फोटो ते..." बोलता बोलता तो थबकला. आकडे सरळ वाचता येत होते. म्हणजे निगेटिव्ह सुलट धरलेली होती. आणि कोकराचे पाय डाव्या हातात होते.

त्याच्या लक्षात आलं. तीन रात्री झोप नव्हती, वर्तमानपत्राकडे फोटो नेणारी पुण्याची गाडी सुटायला अर्धा तास होता, त्या घाईत त्याने निगेटिव्ह पालथी लावून फोटो छापला होता. डावं उजवीकडे गेलं होतं.

हे तो नुसतं सांगू शकला असता. पण ही बाई सांगण्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. तो दोघांना मागच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला. तांबडा दिवा लावला. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर आणि मंद बाजू खाली ठेवून कोऱ्या कागदावर उजेड पाडला. मग कागद रसायनाच्या तबकात सोडला.

"आता नुसतं बघा."

कागद कोराच राहिला. मग खालून काहीतरी वर यावं तशी काळी टोपी आली, मग बाही, मग मूठ.

"डावा," हरणाबाई म्हणाल्या. कितीतरी वेळ त्यांनी तबकावरची नजर काढली नाही.

नानासो डोळे पुसत म्हणाला, "म्या काय सांगत हुतो?"

"तुमी सांगत हुता म्हणून न्हवं. हात दिसला म्हणून." त्या मानसिंगकडे वळल्या. "वहीत नाव लिवा."

"मावशी, तोंड दिसत नाही. मी नक्की कसं लिहू?"

"मग शिसपेनीनं लिवा. पत्र आलं की कळवते."

त्याने अठरा डिसेंबरसमोर शिसपेन्सिलीने 'ज्ञानू' लिहिलं. त्यांनी अक्षरावरून बोट फिरवून पाहिलं.

फेब्रुवारीत नानासोच्या हातचं कार्ड आलं: "ज्ञानूचं पत्र मिळालं. कोकरू घेऊन जाणारा त्योच हुता. वहिनी म्हणतात, आता शाईनं लिवा. आन कोकराचं पुढं काय झालं ते तुमी इचारलं न्हाई, म्हणून आमीच त्येला इचारलंय."

मानसिंगने दौत उघडली.