बायजाच्या हातची म्हैस

मी एक म्हातारी म्हैस आहे. वय वीस, दात झिजलेले, पण शिंगं अजून तलवारीसारखी मागे गेलेली. अस्सल नागपुरी जात आहे माझी. कोणाला शंका असेल त्याने जवळ येऊन बघावं. मित्रांनो, माणसं स्वतःच्या गोष्टी स्वतःच सांगतात आणि त्यात स्वतःच शहाणी ठरतात. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून ही गोष्ट मी सांगते. मध्ये बोलू नका.

माझा जन्म भंडारा जिल्ह्यातला, एकोडीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावातला. मधुकररावांच्या गोठ्यात मी जन्मले. तलावाखाली त्यांची धानाची मोठी शेती, दारात दोन बैलबंड्या, ओसरीवर माणसांचा राबता. मी दोनदा गाभडले. पहिल्या वेळी गड्याने पोटावर काठी हाणली होती, पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही. ‘भाकड’ हे नाव मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवलं. वैरण कमी झाली. पेंड बंद झाली. आणि १९७४ साली मधुकररावांच्या मनात एकाएकी दया उपजली. त्यांनी मला देवकाबाईच्या वस्तीला दान दिलं.

ही देवकाबाई कोण ते सांगते. त्याच गावची, शेतकऱ्याच्या घरची विधवा. शाळा दोन इयत्ता, पण तोंड असं की भल्याभल्यांनी वाट बदलावी. गावातल्या बायजाला महारोग झाला, तेव्हा घरच्यांनी तिला बाहेर काढलं. बायजा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली राहायची आणि लोक दुरून भाकर फेकायचे. देवकाबाईने एक दिवस भाकर फेकली नाही. जवळ जाऊन हातात दिली, वर तिच्या पायाची जखमही धुतली. घरी आल्यावर दीर म्हणाले, “ते बायजा तरी राहील, नाही तं आमी तरी.” देवकाबाई म्हणाली, “मंग वाटणी करा.” वाटणीत तिला पाळीखालचं मुरमाड वावर मिळालं. तिथे तिने झोपडी बांधली आणि बायजाला आत घेतलं. मग शहापूरकडून एक म्हातारा आला, आंधळगावकडून दोन बाया आल्या. मी गेले तेव्हा तिथे अठरा माणसं होती.

मोटारीत त्यांना कोणी बसू देत नसे. देवकाबाई त्यांना चालवत सरकारी दवाखान्यात न्यायची. कोणाची कोणती गोळी, किती दिवस झाले, कोणाची राहिली, सगळं तिच्या तोंडपाठ. पाच वर्षं गोळ्या खाऊन बायजा बरी झाली. हिच्यापासून कोणाला काही होत नाही, असा डॉक्टरने कागद दिला. देवकाबाईने तो कागद गावात घरोघरी दाखवला. गाव म्हणालं, कागद चांगला आहे, जपून ठेवा.

आणि दानं काय यायची म्हणता! बटणं तुटलेले स्वेटर. किडलेले चणे. ज्यांच्या बोटांना स्पर्श कळत नाही त्यांच्यासाठी भरतकामाच्या सुयांचं पुडकं. एकदा तर जोड्यांची पेटी आली आणि त्यात सगळे डाव्या पायाचे. आणि मग मी, भाकड म्हैस. मधुकररावांनी माझ्या गळ्यात हार घातला, स्वतःच्याही घातला आणि भंडाऱ्याहून आणलेल्या माणसाकडून फोटो काढून घेतला. फोटोत ते पूर्ण आले. माझं फक्त शेपूट आलं.

देवकाबाईने मला बघितलं आणि म्हणाली, “घ्या. आमच्यासारखीच काढून टाकलेली दिसते.” आयुष्यात मला कोणाचं बोलणं इतकं झोंबलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मला पोटभर चारा मिळाला, हेही खरं.

माझी व्यवस्था बायजाकडे आली. ती मला तलावावर न्यायची, अंग घासायची आणि एकटीच बडबडत बसायची. तिसऱ्या खेपेला माझा गाभ टिकला. दोन वर्षांनी मला वगार, म्हणजे मादी पारडू, झाली आणि मी सात लिटर दूध देऊ लागले. हो, सात! ज्यांनी भाकड म्हटलं त्यांनी मोजून घ्यावं.

बायजाची बोटं वाकडी होती आणि त्यांना काही कळत नसे. माझी सडं हातात आहेत की नाहीत, हेसुद्धा तिला समजत नव्हतं. म्हणून ती कपाळ माझ्या कुशीला टेकवून डोळे मिटायची आणि बादलीतल्या धारेचा आवाज ऐकायची. आवाज बारीक झाला की हात हलवायची. म्हणजे ती माझं दूध कानांनी काढायची. मित्रांनो, चांगल्या हातांनी दूध काढणारे पुष्कळ पाहिले. ओढतात, चिमटतात, शिव्या देतात. बायजाचं कपाळ लागलं की माझा पान्हा आपोआप उतरायचा.

देवकाबाईची जिद्द एकच होती. माझ्या वस्तीतलं माणूस बाजारात हात पसरणार नाही. ते काम करील आणि त्याच्या हातचं गाव घेईल. वस्तीला पुरून उरलेलं दूध ती रोज सकाळी गावात घेऊन जायची आणि स्पष्ट सांगायची, “बायजानं काढलं हाये.” मी गोठ्यातून मनात ओरडायचे, अगं, नको सांगूस! दूध म्हणून वीक आणि ये! पण ऐकेल तर ती देवकाबाई कसली. भरलेली बरणी रोज तशीच परत यायची. एका वर्षात एक थेंब विकला गेला नाही. देवकाबाईच्या आणि गावाच्या हट्टापायी माझ्या सात लिटरांची ती दशा.

दूध कोणी घेतलं नाही, पण सात लिटरांची बातमी मात्र मधुकररावांनी बरोबर घेतली. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. घरच्या दोन्ही म्हशी आटल्या होत्या. ते दोन गडी आणि दोर घेऊन वस्तीवर आले आणि कुंपणाबाहेर उभे राहिले.

“म्हैस न्याले आलो, देवकाबाई.”

“दान देल्ली होती तुमी.”

“दान कायचं? चाऱ्यापायी ठेवली होती. दानाचा कागद हाये का?”

“फोटो काढला होता तुमी.”

“मंग दाखवा ना. म्हैस दिसते का त्यात?”

शेपटावरून म्हैस ओळखायला कोण बसलंय!

तेव्हा शहापूरचा म्हातारा देवकाबाईच्या कानाशी लागला. “बाई, त्याले फक्त एवढंच सांगा का बायजाच्या हातानं म्हैस बाटली. आमचा रोग हिच्या दुधात उतरला म्हना. दोर टाकून पळते का नाही पाहा.”

मित्रांनो, किती सोपं होतं! एक वाक्य. मी कान टवकारले. बोल बाई, बोल.

देवकाबाई म्हाताऱ्यावरच खेकसली. “बारा वरसं झाली, मी गावाले सांगून राहिली का या हातानं काही होत नाही. आता एका म्हशीपायी मीच म्हनू का होते म्हनून? मंग बायजानं कुठी जायचं?”

आणि मधुकररावांकडे वळून तिने काय सांगावं? “घेऊन जा. पन खरं ऐकून जा. हिले बायजाच दोहते. बायजा बरी झाली हाये. दूध चांगलं हाये, मी रोज पेतो. तुमीही प्या.”

मधुकरराव दोन पावलं मागे सरले. गडी एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, वाचले. पण घरी मुलगी होती आणि सात लिटर म्हणजे सात लिटर. ते म्हणाले, “धुऊन घेऊ.”

अशी मी निघाले, मागे माझी वगार. बायजा कुंपण धरून उभी होती. देवकाबाईला माझी किंमत कळलीच नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. राग अजून पूर्ण गेलेला नाही. सरळ सांगते.

मधुकररावांच्या दारात मला सात पाण्यांनी धुतलं. हळद लावली. वरून गोमूत्र शिंपडलं. आता सांगा, म्हशीला शुद्ध करायला गाईकडे जायचं! एवढा अपमान मी कसा गिळला, ते माझं मला ठाऊक.

संध्याकाळी गडी दूध काढायला बसला. काही नाही. सकाळी गवळी आणला. काही नाही. वगार पुढे सोडली, ती आपलं पोट भरून गेली. पाय बांधले, सरकी दिली, अंगारा लावला. चार दिवस बादली कोरडी. मी बायजासाठी मुद्दाम दूध चोरलं, असं सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण मला खोटं जमत नाही, देवकाबाईची संगत. त्यांच्या हाताला मला पान्हा फुटतच नव्हता. कुशीला कपाळ लागत नव्हतं, त्याला मी काय करू?

पाचव्या दिवशी मधुकररावांची बायको शकुनबाई स्वतः वस्तीवर गेली. तिथे काय झालं ते बायजाने मला नंतर धार काढताना सांगितलं. शकुनबाई उंबरठ्याबाहेरूनच म्हणाली, “बाई, म्हैस अडली. बायजाले धाडता का? मांगच्या दारानं येऊन जाईल.”

देवकाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बायजाले तोंड हाये. तिले पुसा.”

बायजाला कोणी काही विचारलं, याला बारा वर्षं झाली होती. “येईन,” ती म्हणाली. “पन समोरच्या दारानं येईन. आनि गवळ्याले जेवढं देता तेवढं घेईन.”

“समोरून? लोक काय म्हनतील वं?”

“काही नाही म्हननार. नुसते पाहत राहतील.”

आणि खरंच, सगळी आळी दारात उभी राहून पाहत होती. बायजा पदर घट्ट धरून समोरच्या दाराने आली. माझ्याजवळ बसली, कपाळ टेकवलं, आणि बादलीत पहिली धार वाजली. अर्ध्या आळीने ती ऐकली असेल. शकुनबाईने दूध दोनदा उकळलं, तिसऱ्यांदा उकळलं आणि मुलीला दिलं. मुलीला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. कोणाला काही झालं नाही. होणार नव्हतंच. कागदावर लिहिलं होतं की!

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. कसली संपते! बायजा रोज दोन वेळा समोरच्या दाराने यायची, सगळं घर तिच्या हातचं दूध प्यायचं; पण तिला पाणी मात्र वरून मिळायचं. शकुनबाई लोटा उंच धरायची आणि बायजा खाली बसून ओंजळ करायची. वाकड्या बोटांची ओंजळ ती. तिच्यात पाणी राहील कसं? निम्मं अंगावर, निम्मं जमिनीवर. सहा वर्षं! मी रोज बघायचे आणि रोज शिंग हलवायचे. हिच्या हातचं दूध चालतं आणि हिच्या हातात लोटा चालत नाही, हा हिशेब मला म्हशीला कधी कळला नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला कळला तर सांगा.

मधल्या काळात मधुकररावांचा सत्कार झाला. रोग्यांना रोजगार दिला म्हणून शाल आणि नारळ. देवकाबाई मागे सतरंजीवर बसली होती. कोणी विचारलं, तर म्हणाली, “शाल चांगली हाये. बटनं तुटायची भीती नाही.”

लोट्याचं कसं झालं ते ऐका. १९८३ सालचा चैत्र होता. शकुनबाईने अंगण नुकतंच सारवलं होतं. बायजाच्या ओंजळीतून पाणी गळलं आणि सारवणावर डबकं झालं. शकुनबाई भडकली. “अवं, सारं आंगन वल्लं करून राहिली! धर हा लोटा अन् पे एकदाची!” आणि तिने लोटा बायजाच्या हातात दिला. दिल्यावर तिलाच कळलं की आपण काय केलं. परत मागायचा तर लाज, तिच्या हातात राहू द्यायचा तर सवय नाही. ती तशीच उभी राहिली. बायजा दोन्ही तळव्यांत लोटा दाबून धरून प्याली, शेवटच्या थेंबापर्यंत. तिच्या घशाचा आवाज मला गोठ्यात ऐकू आला.

तिला वाटलं, देवकाबाई खूश होईल. संध्याकाळी तिने सगळं सांगितलं. देवकाबाई म्हणाली, “एक लोटा द्याले सहा वरसं लागली? उद्या त्याच लोट्यानं तू तिले पानी दे. पेते का पाह्यजो.”

समाधान म्हणून त्या बाईला माहीत नाही. पण बायजाने तसं केलं. सकाळी धार काढून झाल्यावर लोटा भरला आणि शकुनबाईपुढे धरला. शकुनबाई म्हणाली, “मले तहान नाही.” दुसऱ्या दिवशीही तहान नव्हती. बायजा रोज लोटा धरायची, शकुनबाई रोज नाही म्हणायची, आणि मी मध्ये उभी. मग वैशाख लागला. एक दिवस शकुनबाई वावरातून भर दुपारी आली, तोंड लाल, ओठ सुकलेले, आणि गोठ्याच्या सावलीत मटकन बसली. घरात कोणी नव्हतं. बायजाने लोटा पुढे केला. शकुनबाईने एकदा लोट्याकडे बघितलं, एकदा त्या बोटांकडे. आणि घेतला. आणि प्याली.

मित्रांनो, मी जनावर आहे, मला उपदेश शोभत नाही. पण तुमच्या दारात कोणी बाहेर बसलेलं असेल, तर त्याला आत बोलवा, त्याच्या हातात पाणी द्या आणि त्याच्या हातचं पाणी प्या. एवढं करायला वैशाखाची वाट पाहू नका.