चिंचोक्यांची खळगी

मी एक जुना काळा दगड आहे. माझ्या अंगावर एक खळगी आहे, तीच माझी ओळख. मित्रांनो, लोक म्हणतात, अमक्याने काळजाचा दगड केला. दगडाच्या काळजाची मात्र कुणी विचारपूस करत नाही. म्हणून मीच सांगतो.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात मी गंगम्माच्या अंगणात होतो. आधी तिच्या सासूने, मग तिने, मग तिच्या लेकीने, महादेवीने, माझ्यावर चिंचोके फोडले, त्याने ही खळगी पडली. फार सुखात होतो मी.

आमच्याकडे तेव्हा भिंतीच्या जाडीवरून घरधन्याची पत ठरायची. गंगम्माच्या नवऱ्याने, बसलिंगप्पाने, दगडमातीची भिंत आणखी वाढवली आणि मला उचलून थेट वर बसवले. "जड दगड वर बसला की घर हालत न्हाई," तो म्हणाला. खोटे कशाला बोलू, मलाही तोरा चढला. खाली महादेवीचे अंथरूण होते.

मग भूकंपाची ती पहाट आली. भिंत ढासळली. बसलिंगप्पा जागीच गेला. महादेवी माझ्याखाली होती. हाताला लागलेल्या खड्याने ती मला ठोकत होती, टक, टक. बाहेर गंगम्मा बोटे रक्ताळेपर्यंत माती उपसत होती. दुपारी टकटक थांबली.

गाव दुसरीकडे वसले. मी ओसाड जागेत तसाच पडून राहिलो. वारा पडला की टकटक ऐकू यायची. खाली कुणीच नव्हते, तरी यायची.

पुढे लातुरात शिकवण्यांचा सुकाळ झाला. शिकवणीवर्गांच्याच गल्लीत कचेऱ्यांची एक उंच इमारत उठू लागली. दर्शनी दारावर जुन्या गावचे काळे दगड शोभतील, असे मालकाच्या मनात आले आणि मी ट्रकात पडलो. तिथे घमेली वाहणाऱ्या बायकांत गंगम्मा होती. तिने माझी धूळ झटकली, बोट खळगीत गेले आणि तिने घमेले खाली ठेवले.

"वकारभाई, ह्यो दगड वर चढवू नगा."

उदगीरचा गवंडी वकार मला दोर बांधत होता. "मावशी, सिमेंट हाय, लोखंड हाय. पडायचा न्हाई. तुमी कशापायी फिकीर करता?"

"माझ्या मालकालाबी फिकीर नव्हती. ह्याच्याखाली माझी महादेवी गेली. हितून लोकांची लेकरं जाणार हायत, बाबा."

वकारने दोर सोडला. इमारतीचा मालक लई बोलला. तरी वकारने मला दारापुढची पायरी केले.

गंगम्मा आता तिथेच झाडलोट करते. शिकवणीच्या पोरी माझ्यावर बसून पाठांतर करतात. एखादी नकळत पेन आपटते, टक, टक. ते थांबले की माझा जीव उडतो. गंगम्माचा झाडूही थांबतो. मग पोरगी दप्तर उचलून उठते, "येते मावशी," म्हणते. तेव्हा कुठे झाडू पुन्हा चालू होतो.

मित्रांनो, माझ्यावर बसा, पाय द्या, खुशाल चिंचोके फोडा. फक्त मला पुन्हा कुणाच्या डोक्यावर ठेवू नका.