गवंड्याची सॉफ्टबॉल टीम

माझी बायको लहान मुलींना सॉफ्टबॉल शिकवायची. ती गेली आणि टीमला कुणी उरलं नाही. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "मोठ्या मुलींविरुद्ध एका डावात तीन जणी बाद करून दाखवा, तर टीम ठेवतो. महिना घ्या." मी गवंडी. तरी मी शिकवतो म्हणालो. तिची टीम माझ्या डोळ्यांदेखत मोडलेली मला बघवली नसती.

पहिल्या दिवशी मुली ओरडल्या, "बाईंचे मिस्टर आले!" मग तेच नाव पडलं.

चेंडू आला की नऊच्या नऊ जणी डोळे मिटायच्या. मला झेल येतो तो विटेचा. कामावर वीट रांगेतून येते. तिच्या आडवं जायचं नाही, हात तिच्याबरोबर मागे न्यायचे, आणि घेतली की लगेच डावीकडे द्यायची. टोकाचा गवंडी ती लावतो. मी ओल्या मातीचे गोळे केले आणि मुलींना रांगेत उभं केलं.

"आवळलात तर फुटेल बरं का!"

पहिला फुटला तो भिंगरीच्या तोंडावर. ही सगळ्यांत चुळबुळी.

"मिस्टर, नाकात गेलं!"

"नाकानं झेल घेतात होय गं?"

हसता हसता रांग मोडली. पण तिसऱ्या आठवड्यात गोळे टोकापर्यंत अख्खे पोचायला लागले. मग चेंडू दिला. डोळे उघडे, हात सैल. मी मैदानावर एकटाच टाळ्या पिटत होतो.

सामन्याच्या दिवशी मोठ्या मुली बॅटिंगला आल्या, आमच्या मैदानात पांगल्या. आमच्यातल्या सगळ्यांत बुटक्या टिंगीनं उंच गेलेला चेंडू अलगद झेलला. एक बाद! पुढचा जमिनीवरून आला. तिनं तो उचलून पहिल्या बेसवर भिंगरीला दिला. दोन बाद! सेक्रेटरी खुर्चीत पुढे सरकले. एव्हाना मोठ्या मुलींपैकी एक उंच मुलगी तिसऱ्या बेसवर पोचली होती.

पुन्हा चेंडू टिंगीकडे. तिनं भिंगरीला फेकला, पण जरा बाहेर. भिंगरीनं बेस सोडून तो घेतला आणि तशीच डावीकडे भिरकावून मोकळी झाली.

"अगं, बेस! बेसला पाय लाव!"

मी कपाळावर हात मारला. चूक माझीच. घेतलं की द्यायचं एवढंच मी शिकवलं होतं, थांबायचं कधी ते सांगितलंच नव्हतं.

डावीकडे होम बेस होता आणि तो राखायला चष्मेवाली. रोज रांगेत भिंगरीच्या डावीकडे तीच असायची, त्यामुळे चेंडू बरोबर तिच्या हातात. तिसऱ्या बेसवरून ती उंच मुलगी होमकडे धावत येत होती आणि ही बया डावीकडे वळायला लागली.

"तुझ्यापुढे कुणी नाही गं! लाव! तिलाच लाव!"

चष्मेवाली गर्रकन फिरली आणि दोन्ही हातांनी चेंडू त्या मुलीच्या दंडावर ठेवला. नीट, दाबून.

पंचांचा हात वर. बाद!

काय आरडाओरडा झाला! मुली माझ्या दोन्ही हातांना लोंबकळल्या. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, हा कुठला डाव?" मी म्हटलं, "आमच्या धंद्यातला."

घरी जाऊन तिला सगळं सांगू, असं क्षणभर वाटून गेलं. मग आठवलं. तेवढ्यात भिंगरीनं बाही ओढली.

"मिस्टर, उद्यापासून बॅटिंग ना?"

"हो तर!" मी म्हणालो. बॅट कशी धरतात हे मला अजून माहीत नव्हतं.