न्हाणीघराचा उतार

हातोड्याचा पहिला घाव पडला तशी बायको आतून ओरडली, "अहो, काय फोडताय?"

"न्हाणीघर!"

"आज? भाऊजी चार वाजता येतायत ना मला बघायला?"

"म्हणूनच."

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. परवा सकाळी याच फरशीवर साचलेल्या पाण्यात घसरून ती पडली होती. ते पाणी अकरा वर्षं साचत होतं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघेही फरशी बसवणारे. थोरल्याच्या कामात केसाचा फरक सापडायचा नाही, म्हणून सगळे त्याला ओळंबेबुवा म्हणत. पण त्याच्याच घरात पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे यायचं. थोरला म्हणाला, तुझी फरशी चुकली. धाकटा म्हणाला, खालचा तुझा कोबाच उलटा आहे. शब्दाने शब्द वाढला आणि धाकटा पिशवी उचलून गेला तो गेलाच.

दुरुस्तीला दोन दिवस पुरले असते. पण हातचा पुरावा कोण मोडतो? येणाऱ्याजाणाऱ्यापुढे थोरला बादलीभर पाणी ओतायचा. "बघा, कोण चुकलं ते!" मग ते पाणी वायपरने ओढायची बायको.

आवाज ऐकून शेजारचे मास्तर आले. "अहो, डोकं फिरलं का? आज तो येतोय, आज दाखवायचं सोडून—"

"नाही दाखवत."

"मग तो म्हणेल तेच खरं होईल."

"होऊ दे! सांगा जा गल्लीभर, ओळंबेबुवा हरला म्हणून. माझी बायको पडली, मास्तर. माझ्या खरेपणावर घसरून पडली."

त्याला राग आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःचाच आला होता. फरशी निघाली, खालचा कोबा उघडा पडला. उतार बघायची पाणसळ हाताशीच होती. कोब्यावर टेकवली असती तर बुडबुड्याने क्षणात निकाल दिला असता. हात तिकडे गेलाही. मग त्याने एक सणसणीत शिवी हासडली आणि छिन्नी कोब्यात घातली.

चार वाजता धाकटा आला. वहिनीला भेटून आवाजाच्या दिशेने वळला.

"फरशी?"

"फोडली."

"आणि कोबा? पाणसळ लावून बघितलास?"

"नाही."

"मग चूक कुणाची होती ते आता कळायचं कसं?"

"नाहीच कळणार. तुला हवी तर माझी धर. भांडायचं असेल तर भांड, पण आधी ते घमेलं उचल."

 धाकट्याने बाह्या वर केल्या.

संध्याकाळपर्यंत नवा कोबा पडला. उतार धाकट्याने दिला. "अजून थोडा" हे शब्द थोरल्याच्या ओठांवर दोनदा आले आणि दोन्ही वेळा त्याने ते कडू औषधासारखे गिळले.

हात धुताना त्याला धाकट्याच्या कानावरच्या केसांत सिमेंट दिसलं. "थांब रे," म्हणत त्याने ते झटकलं, लहानपणी त्याच्या डोक्यातली माती झटकायचा तसं. पुन्हा झटकलं. ओल्या हाताने पुसून पाहिलं. निघेना.

"राहू दे, दादा," धाकटा म्हणाला. "केस पिकलेत ते."